आधी आत, मग बाहेर

माझ्या डाव्या तर्जनीचं नख एका कडेने किंचित वाकडं वाढतं. कोणी विचारलं तर ‘गाडीचं काम करताना लागलं’ एवढंच सांगतो. ऐकणाऱ्याला मग सटकलेला पाना, तापलेलं इंजिन, चेनमध्ये अडकलेलं बोट असं काहीतरी दिसू लागतं आणि मी ते दिसू देतो. खरं कारण फुशारकी मारण्यासारखं नाही. करंगळीच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या एका कपलरने ते नख फाडलं.

कपलर म्हणा, कनेक्टर म्हणा, सॉकेट म्हणा. वायरिंगची दोन टोकं जिथे एकमेकांत अडकतात ती जागा. एका बाजूला पिना, दुसऱ्या बाजूला त्यांची घरं, भोवती प्लॅस्टिकचं कवच, पाणी शिरू नये म्हणून आत रबराचं सील, आणि हे सगळं हादऱ्यांनी सुटू नये म्हणून वर एक खटका. दिसायला इतकं क्षुल्लक की दुरुस्तीच्या पुस्तिका त्याची दखलही घेत नाहीत. बोल्ट असेल तर तो किती न्यूटन-मीटरने आवळायचा, कुठल्या क्रमाने सोडवायचा, खालचा वॉशर नवा टाकायचा की जुना चालेल, सगळं लिहिलेलं असतं. कपलरच्या वाट्याला दोन शब्द: ‘कनेक्टर काढा.’ त्या दोन शब्दांत माझी एक अख्खी दुपार गेली.

काम तसं नेहमीचंच होतं. माझी मोटरसायकल चार सिलिंडरची, सगळे एका ओळीत. पुस्तिकेप्रमाणे दर २४,००० किलोमीटरला व्हॉल्व्हचा क्लिअरन्स तपासायचा. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा फुगवटा पलीकडे वळला की कॅम आणि त्याखालचं वाटीसारखं बकेट यांच्यात केसभर फट उरते, ती फीलर गेजच्या पात्यांनी मोजायची. इनटेकला ०.१० ते ०.२० मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.२० ते ०.३०. मोजण्याला तासभर पुरतो. पण त्या फटीपर्यंत पोचायचं म्हणजे टाकी उतरवा, एअरबॉक्स काढा, प्लगवरच्या चार कॉइल उपसा आणि मग इंजिनाचं वरचं झाकण. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला कुठूनतरी एक वायर येऊन मिळालेली.

कार्ब्युरेटरच्या जमान्यात हा गुंता बराच कमी होता. १९८० साली कावासाकीच्या हजार सीसीच्या गाडीवर इंधनाचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आलं, १९८३ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के१०० वर आलं, आणि पुढे ते सगळ्यांच्याच गळ्यात पडलं. तेव्हापासून इंजिनाला सारखे प्रश्न विचारले जातात. हवा किती गरम आहे, पाणी किती तापलंय, थ्रॉटल किती उघडलाय, क्रँक कुठे पोचलाय, कॅम कुठे आहे. प्रत्येक प्रश्नाला एक सेन्सर आणि प्रत्येक सेन्सरला एक कपलर. तक्रार नाही, थंडगार पहाटे पहिल्याच बटणाला इंजिन सुरू होतं ते या चौकशांमुळेच. पण उघडायला बसलं की कळतं, आपण इंजिन कमी आणि वायरिंगच जास्त उलगडतोय.

तर त्या दिवशी बॅटरीपासून सुरुवात केली. आधी निगेटिव्ह, कारण फ्रेमशी जोडलेली निगेटिव्ह तशीच असताना पॉझिटिव्हचा बोल्ट सोडवायला घेतला आणि पान्याचं दुसरं टोक फ्रेमला टेकलं, तर बॅटरीच्या दोन टोकांमध्ये त्या पान्याचाच पूल होतो. मग फोनवर भराभर फोटो. चारही कॉइलच्या कपलरांवर मास्किंग टेपचे तुकडे, त्यांवर एक ते चार आकडे. ते चार दिसायला अगदी सारखे. वायरची लांबी बहुतेक वेळा अदलाबदल होऊ देत नाही, पण ‘बहुतेक’वर विसंबायचा माझा स्वभाव नाही. वहीत एकूण अकरा कपलरांची यादी झाली.

दहा निघाले. काही हात लावताच निघाले, काहींनी थोडे आढेवेढे घेतले. टाकीखालच्या फ्युएल पंपाच्या कपलरला खटक्याच्या मागे आणखी एक छोटी रंगीत पट्टी असते, ती आधी मागे सरकवल्याशिवाय खटका दबतच नाही. पहिल्यांदा भेटलेला माणूस तिथे दहा मिनिटं नुसता खटका दाबत बसतो. कॉइलवरचे कपलर सुटले, पण खुद्द कॉइल प्लगच्या खोल विहिरीत रबराने चिकटून बसलेल्या. त्यांना सरळ वर ओढायचं नसतं. आधी दोन्ही बाजूंना थोडं थोडं पिळायचं, चिकटलेलं रबर सुटल्याचं हाताला कळतं, आणि मग वर.

अकरावा होता कॅम पोझिशन सेन्सरचा. तीन वायरचा, काळा, बुटका. सेन्सर झाकणावरच बसवलेला, त्यामुळे तो सोडवल्याखेरीज झाकण उचलता येणार नाही. आणि कपलर नेमका फ्रेमची नळी आणि इंजिनाचं डोकं यांच्या मधल्या सापटीत. एक हात जातो. दुसऱ्या हाताची दोन बोटं जातात, ती पहिल्या हाताच्या मनगटावरून. डोळे जात नाहीत. दिसतं ते फक्त वायर आत शिरल्याचं.

मी अंगठ्याने खटका दाबला आणि ओढलं. काही नाही. आणखी दाबलं, आणखी ओढलं. बोटं घामेजली, कपलर निसटू लागला. मग अंगठ्याऐवजी तर्जनीचं नख खटक्याच्या कडेत रोवलं, दात आवळले आणि हिसका मारला. नखाचं काय झालं ते वर सांगितलंच आहे. कपलर होता तिथेच होता.

अशा वेळी हात आपोआप पकडीकडे जातो. माझाही गेला. पण पक्कड आणि जुनं प्लॅस्टिक यांची गाठ घालून दिली की एकाचा तुकडा पडतो आणि तो पकडीचा नसतो. हे कवच बहुतेकदा नायलॉनचं किंवा पीबीटी नावाच्या प्लॅस्टिकचं असतं. नायलॉनचा एक गुण फारसा कोणाच्या ध्यानात नसतो: ते हवेतला ओलावा शोषतं आणि त्या ओलाव्यावरच त्याची चिवट लवचीकता टिकते. इंजिनाच्या डोक्यापाशी वर्षानुवर्षं भाजून निघालेलं नायलॉन कोरडं आणि ठिसूळ होतं. नवा असताना खटका शंभरदा वाकला असता, आता एकदाच वाकेल. खटका मोडला म्हणजे वायरिंगचा अख्खा हार्नेस काही बदलवत नाही, माणूस केबल टाय बांधून वेळ मारून नेतो आणि मग पुढची कैक वर्षं त्या केबल टायकडे बघताना ओशाळतो. माझ्या आधीच्या गाडीवर असे दोन होते.

पक्कड खाली ठेवली. दुसरा मोह वायर धरून ओढायचा. वायर हाताला येत होती ना, कपलर येत नव्हता. पण त्या मोहाची किंमत मी एकदा चुकवली होती. त्या आधीच्याच गाडीचा न्यूट्रल स्विच, एकच वायर, तळाशी चिखलात. मी वायर धरून ओढली, कपलर सुटला, मी खूश. पुढे काही आठवड्यांनी न्यूट्रलचा हिरवा दिवा मनात येईल तेव्हा लागू लागला. गाडी न्यूट्रलला असूनही क्लच दाबल्याशिवाय सुरू होईना, कारण गाडीच्या मते ती गिअरमध्ये होती. मी स्विच बदलला. रिले तपासला. साइड स्टँडच्या स्विचवर संशय घेतला, तो बिचारा निर्दोष. शेवटी एकदा वायर बोटांत धरून चाचपताना कपलरपासून दोन सेंटिमीटरवर ती एका जागी जास्तच सहज वाकली. वरचं आवरण शाबूत, आतले तांब्याचे तंतू तुटलेले, दोन-तीन कसेबसे टेकून राहिलेले. हादरा बसला की टेकायचे, दुसरा बसला की सुटायचे. कपलर ओढताना वायर ओढू नये, हे मला त्याआधी दहा जणांनी सांगितलेलं होतं.

पेट्रोलचा प्रयोगही करून झालाय, तेव्हा तोही कबूल करून टाकतो. ‘थोडं पेट्रोल सोडलं की सुटतं’ असं कुठेतरी ऐकलं आणि एका अडलेल्या कपलरवर थेंब थेंब सोडलं. आतलं सील बहुधा सिलिकॉन रबराचं होतं, आणि सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं. सुटायचं राहिलं बाजूला, कपलर आणखी घट्ट झाला. दुसऱ्या दिवशी पेट्रोल उडून गेल्यावर तो निमूटपणे निघाला, जणू आदल्या दिवशी काही घडलंच नव्हतं.

म्हणून या खेपेला मी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं आणि हेअर ड्रायर आणला. ऊब मिळाली की प्लॅस्टिक थोडं नरम येतं, चिकटलेलं सीलही सैलावतं. हीट गन नको. तिची हवा काही शे अंशांपर्यंत जाते आणि नायलॉन २६० अंशांच्या आसपास वितळतं. ड्रायर बिचारा त्याच्या पासंगालाही पुरत नाही, तेच बरं.

ड्रायर चालू करून दोन मिनिटं झाली असतील.

‘‘माझा ड्रायर बघितलास का कुठे?’’ असं म्हणत बायको आली, आणि आवाजावरून तिला उत्तर आधीच मिळालेलं होतं. ती रागावली नाही; माझ्या बोटावरचं रक्त पाहून असेल. ‘‘टॉर्च धरू?’’ म्हणाली. तिने टॉर्च धरला, मी पुन्हा दोन्ही हात सापटीत घातले आणि कण्हत-कुंथत झोंबायला लागलो.

थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘‘तू आत्ता दाबतोयस की ओढतोयस?’’

‘‘दोन्ही.’’

‘‘एकदम?’’

‘‘एकदमच करायचं असतं. दाबायचं आणि ओढायचं.’’

‘‘पण तू ओढतोयस म्हणून ते दबत नसेल तर?’’

मी गप्प झालो. हे मला ठाऊक नव्हतं अशातला भाग नाही. दुसऱ्याला मी हे कितीदा सांगितलंय! आधी आत ढकल, मग खटका दाब, मग बाहेर ओढ. उंटावरून शेळ्या हाकताना हा क्रम माझ्या तोंडात तयार असतो. पण दीड तास झुंजलेल्या हातांत तो नव्हता. त्यांच्याकडे फक्त ओढणं उरलं होतं.

गंमत अशी आहे की ते यंत्र मुद्दाम तसंच घडवलेलं असतं. खटक्याच्या पोटात एक आकडा असतो आणि समोरच्या अर्ध्यावर एक दात. तो आकडा दातामागे अडकून बसतो. त्याची अडणारी बाजू जवळजवळ उभी, कधी कधी तर थोडी आतच झुकलेली, म्हणजे कपलर ओढला जाईल तसा आकडा दातावर आणखी रुततो. गाडी हादरते, वायर ताणली जाते, तेव्हा हेच हवं असतं. पण आपण सोडवायला म्हणून ओढतो तेव्हा त्या इवल्याशा आकड्याला कळणार कसं की हा हादरा नसून मालक आहे? जितका ताण, तितकं त्या दोन पृष्ठभागांतलं घर्षण, आणि खटका दाबणाऱ्या अंगठ्याला नेमक्या त्या घर्षणावर मात करायची असते. म्हणजे माझा उजवा हात माझ्याच डाव्या हाताशी कुस्ती खेळत होता, आणि उजवा जिंकत होता. दाराची कडी अडली की आपण काय करतो? दार जरा आपल्याकडे दाबून धरतो आणि कडी लोण्यासारखी सरकते. कडीला जोर लावणारा माणूस घामाघूम होऊन तिथेच उभा असतो.

मी ओढणं सोडलं. कपलरची दोन अंगं दोन्हीकडून धरली आणि एकमेकांत ढकलली. सुटायच्या गोष्टीला आणखी जवळ ढकलताना हात कचरतो, तो कचरलाच. अर्धा मिलिमीटर हलला असेल, आणि बारीक ‘कर्र’ असा आवाज आला.

तो आवाज वाळूचा होता.

फोन सापटीत घालून अंदाजानेच व्हिडिओ काढला. पडद्यावर मोठं करून पाहिलं तेव्हा खटक्याखालची फट प्रथमच दिसली. ती फट नव्हतीच. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल तिथे येऊन बसला होता आणि इंजिनाच्या धगीने पक्का झाला होता. खटका खाली जायला जागा लागते, ती जागाच भरलेली. मी दीड तास खटका दाबत नव्हतो, एक वीट दाबत होतो. त्या दिवशीची माझी खरी चूक बहुधा हीच. ताकद लावण्यापूर्वी न पाहणं. खटका दाबायचा आहे की उचलायचा, हेही मी पाहिलेलं नव्हतं, गृहीत धरलं होतं. नशिबाने तेवढं तरी बरोबर निघालं. जुन्या बॉश इंजेक्टरांच्या कपलरांना तर खटकाच नसतो, तारेची एक स्प्रिंग असते. ती कुठे दाबायची असते, कुठे उचकटून काढायची असते, आणि न पाहता उचकटली तर ती उडून जिथे जाते तिथे नंतर कोणीही पोचत नाही.

दाभणाने माती हळूहळू कोरली. प्लॅस्टिकला चालणारा कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, मग फुंकर, मग पुन्हा दाभण. काम पाच मिनिटांचं, पण हात उलटा वळवून पाच मिनिटं म्हणजे पुष्कळ. मग दोन्ही अंगं एकमेकांत ढकलून धरली. खटका दाबला. तो गेला, पूर्ण खाली, अगदी मऊ. दाबलेलाच ठेवून कवच धरून थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे डोलवलं. आतल्या सीलने हवा कोंडून धरलेली असते, ती सरळ ओढीला दाद देत नाही, डोलवण्याला देते. ‘पुच्’ असा ओला आवाज झाला आणि कपलर माझ्या हातात आला. एवढ्या रामायणानंतर वजन काय, तर दोन-चार बदामांएवढं.

‘‘झालं?’’ टॉर्चमागून आवाज आला.

‘‘झालं.’’

ती ड्रायर घेऊन गेली.

कपलर उघडला की आत डोकावल्याशिवाय मला राहवत नाही. बाहेरून माती, तेल, धूळ. आत मात्र तिन्ही पिना आरशासारख्या. सीलने आपलं काम केलं होतं. त्याचा चिवटपणा मला दीड तास डाचला खरा, पण तोच पाण्याला इतकी वर्षं डाचत आला होता. याच्या उलट आधीच्या गाडीच्या स्टेटरचा, म्हणजे अल्टरनेटरच्या न फिरणाऱ्या वेटोळ्यांचा, कपलर. तीन पिवळ्या वायर, अल्टरनेटरकडून रेग्युलेटरकडे जाणाऱ्या. तो सुटत नव्हता तेव्हाही मी खटक्यालाच दोष देत होतो. प्रत्यक्षात तो आतून जळून एकजीव झाला होता. हिशेब सोपा आहे. अशा वायरमधून २० अँपिअर वाहताहेत असं धरा. चांगल्या जोडणीचा रोध पाच मिलिओहम असला तर तिथे दोन वॅट उष्णता होते, हवेवर निघून जाते. पाणी शिरलं, पिनांवर हिरवट थर चढला आणि रोध एक दशांश ओहम झाला, की वीसचा वर्ग गुणिले ०.१ म्हणजे ४० वॅट. साधी सोल्डरिंग आयर्न तेवढ्याचीच असते. नखाएवढ्या जागेत ती रोज तास-दोन तास चालू ठेवली तर प्लॅस्टिकचं काय होणार? तपकिरी झालं, मग काळं, मग पिनांभोवती वितळून गोठलं. तो कपलर मी कापला. तिथे ढकलणं, डोलवणं, ऊब देणं कशाचाही उपयोग नव्हता, आणि त्याला सोडवण्यात घालवलेला वेळ म्हणजे निव्वळ साप समजून भुई धोपटणं.

झाकण निघालं. कॅम दिसले, तेलाने ओले, चकचकीत. पात्यांनी फटी मोजल्या, सोळाच्या सोळा, एकेक दोनदा.

दुसऱ्या दिवशी सगळं परत चढवलं. जोडण्याच्या कामात मला कपलरांचा भारी लळा आहे, कारण तेव्हा ते बोलतात. प्रत्येकाचा ‘टक्’ निराळा. कॉइलचे चौघे एका सुरात, फ्युएल पंपाचा जाडा, हवेच्या सेन्सरचा अगदी नाजूक, कान देऊन ऐकावा लागतो. बसवण्याआधी सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचं बोट फिरवायचं, नावालाच. ‘टक्’ ऐकला की कवच धरून एकदा हलकेच मागे ओढून पाहायचं, आणि वहीत खूण करायची. अकराव्यापाशी मी सापटीत हात घातला तेव्हा तो इतक्या सहज बसला की आवाज आला की नाही याचीच शंका आली. मागे ओढून पाहिलं. घट्ट. खटका दाबून काढून पाहिला. निघाला. परत बसवला. हे मी तीनदा केलं, आणि तिसऱ्यांदा केवळ मजा म्हणून.

बॅटरी जोडली, आता आधी पॉझिटिव्ह. चावी फिरवली, न्यूट्रलचा दिवा लागला, पंपाने आपली दोन सेकंदांची कुई केली, आणि इंजिन सुरू झालं. आवाज ऐकून बायको बाहेर आली.

‘‘मग? काय बिघडलं होतं?’’

‘‘काही नाही. सोळाही व्हॉल्व्ह मापात.’’

‘‘म्हणजे काहीच बदलावं लागलं नाही?’’

‘‘झाकणाचं गॅस्केट,’’ मी म्हणालो.

तिने माझ्या बोटाच्या पट्टीकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. ‘‘आता पुन्हा कधी?’’

‘‘२४,००० किलोमीटरनंतर.’’

‘‘तोवर एक तुझा तू ड्रायर घेऊन ठेव,’’ ती म्हणाली. ‘‘माझ्या केसांना ग्रीसचा वास येतोय.’’